भेटायला सोयीची वेळ

३ मार्च, सकाळी ७
आजपासून करिअर सुरू. सामाजिक न्याय धोरणाचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स संपला. सर्टिफिकेट मामींच्या कपाटावर चिकटवलं. मामी म्हणाल्या, चिकटपट्टीने रंग निघतो. दृष्टीच नाही.
पहिला लढा राहत्या घरातून. मालकाला इमारत रिकामी हवी आहे. चौदा बिऱ्हाडं. तीन वर्षांत मी थेट धोरण समितीवर.

५ मार्च
भाडेकरूंची मीटिंग. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, मालकाची माणसं पुन्हा आली तर कात्रीने कोथळा काढीन. मी अहिंसेवर वीस मिनिटं बोललो. तो म्हणाला, आता आधी तुझाच काढतो. संवाद सुरू झाला, हे महत्त्वाचं.

८ मार्च
निवेदन तयार. लोकांची निवेदनं मोघम असतात. माझ्यात तक्ता आहे: खोली नंबर, माणसं किती, भेटायला सोयीची वेळ. मामींच्या रकान्यात लिहिलं: दुपारी दोन ते चार, एकट्या. मामींनी विचारलं, एवढं कशाला? म्हटलं, याला डेटा म्हणतात.
कोर्समध्ये शिकवलंय, सर्व संबंधितांना विश्वासात घ्या. म्हणून प्रती: नगरपालिका, पोलीस, मालक.

११ मार्च
मालकाच्या ऑफिसातून उत्तर! 'माहितीबद्दल आभारी आहोत.' नगरपालिकेने पोचसुद्धा दिली नाही. मालकाबद्दल आपला पूर्वग्रह होता.

१४ मार्च, दुपारी १.३०
शिंपी एकटा असताना चौघे घुसले. त्याची बोटं मशीनखाली धरून चाक फिरवलं. सुई नखातून आरपार. किंकाळी तिसऱ्या मजल्यावर आली. मी लगेच नोंद घेतली. तक्त्यात त्याची वेळ बारा ते एक. योगायोग.

१५ मार्च
सकाळी साडेनऊला पाच नंबरमधली नर्स, रात्रपाळीहून आल्या आल्या. डोकं कठड्यावर आपटलं. अकरा टाके. गुंड वेळेचे पक्के आहेत. माझं रक्त खवळलंय. एकेकाला उभा चिरीन. अहिंसेच्या चौकटीत.

१६ मार्च, दुपारी २.१०, बाथरूम
दार फोडतायत. निरीक्षकाने तटस्थ राहावं, म्हणून आतून कडी लावली. मामी ओरडतायत. आधी शिव्या, मग माझं नाव. सळईचा आवाज. आता ओरडणं थांबलं.

२.४०
बाहेर आलो. मामींचा उजवा हात कोपरातून उलटा वळलाय. तोंडभर रक्त, पण त्यांचं नाही. त्यांनी एकाचा कान तोडला. तेवढ्यात एक जण विसरलेला गॉगल न्यायला परत आला. जाता जाता मला ठोसा. दात पडला. लढ्यात सक्रिय सहभाग.

१८ मार्च, पोलीस स्टेशन
कान तुटलेला गुंड सापडला. त्याच्या खिशात माझा तक्ता. उरकलेल्या खोल्यांवर बरोबरच्या खुणा. इन्स्पेक्टरने विचारलं, हा बनवला कुणी? म्हटलं, मीच, अजून सुधारता येईल. त्याने माझं नाव लिहिलं: आरोपी क्रमांक पाच. शिंपी माझ्या अंगावर धावला. दोन हवालदारांना आवरेना.
मग इन्स्पेक्टरने मामींना विचारलं, हा मालकाला सामील आहे का? मामींनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, नाही साहेब, तेवढी अक्कल नाही त्याला.
इन्स्पेक्टरने माझं नाव खोडलं. मला राग आला.
तक्रारीवर सगळ्यांनी सह्या केल्या. मीही पेन मागितलं. मला बाहेर बसायला सांगितलं.
तासाभराने मामी आल्या. प्लास्टर गळ्यात. डावा हात माझ्यापुढे केला. आधार हवा असेल म्हणून मी तो धरला. त्यांनी झटकला. म्हणाल्या, काल नवं दार बसवलं, त्याची किल्ली दे.
दिली.