रविवारची पाहुणी

७ जानेवारी, रविवार

आली. म्हणजे खरंच आली. सकाळी नऊपासून मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारापाशी बसलो होतो. शेजारच्या खोलीतल्या सिस्टर दोनदा म्हणाल्या, "अहो खाडाखोड, खुर्ची झिजेल." (मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली म्हणून हे नाव. त्या चाळीस वर्षं नर्स होत्या, म्हणून या वृद्धाश्रमात सगळ्यांच्या सिस्टर.)

मुलगी चौदा महिन्यांनी आली. नातीला घेऊन. नात पाच वर्षांची, एका जागी टिकत नाही, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणतात. आज मात्र गाडीतून उतरली ती पांढरीफटक. बैठकीच्या खोलीबाहेरच्या बेसिनपर्यंत कशीबशी पोचली आणि भडाभडा ओकली. मुलीनं नळ सोडला, कागदानं कड पुसली. "गाडी लागली तिला. वळणं फार होती. बाबा, कोणाला सांगू नका हं, उगाच परत पाठवतील."

दारावर पाटी आहे – गेल्या दोन दिवसांत उलट्या, जुलाब झाले असल्यास आत येऊ नये. आत येताना वहीत तसं लिहूनही द्यावं लागतं. मुलीनं 'नाही'वर खूण केली. मी पाहत होतो.

अर्ध्या तासात भिंगरी टवटवीत. बिस्किटांची बशी घेऊन सगळ्यांपुढे फिरली. सिस्टरांच्या मांडीवर चढून बसली. त्यांनी दोनदा खाली उतरवलं, ही पुन्हा वर. नऊ नंबरच्या आजोबांचा पटावरचा घोडा पळवला. ते लटकंच रागावले – कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला.

दोन वाजता गेल्या. खोली सकाळपेक्षा मोठी वाटतेय.

८ जानेवारी

बशीत अर्धं बिस्कीट उरलंय, दातांच्या खुणांसकट. टाकवत नाही.

९ जानेवारी, मंगळवार

पहाटेपासून तिघांना उलट्या-जुलाब. नऊ नंबरचे आजोबा त्यांतलेच. दुपारपर्यंत पाच. व्यवस्थापक बाईंनी दारं बंद करायला लावली. ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत. जेवण दारापाशी स्टुलावर. सेविका प्लास्टिकचा एप्रन घालून येते, ताट ठेवते, दोन टकटक करते आणि निघून जाते. तिच्या चेहऱ्यावरचे फक्त डोळे दिसतात.

कॉरिडॉरभर ब्लीचचा वास. नाकात बसलाय.

दारावर सूचना चिकटवली – 'हात साबणाने स्वछ धुवा'. 'च' राहिला. पेनानं घातला. दुसरं काम काय!

आपण कोणाला काही सांगितलेलं नाही. गाडीच लागली असेल.

१० जानेवारी

आज आरोग्य खात्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण आहेत, बोलणं शांत. दारातच उभ्या राहून एकेकाला विचारत होत्या. म्हणाल्या, नमुने पाठवलेत, पण लक्षणं बघता हा नोरो विषाणू असावा. थंडीत हा फार फिरतो. हवेतून सर्दीसारखा नव्हे – हात, नळ, कड्या, ताटवाट्या, उलटीचे शिंतोडे. मोजके कण पोटात गेले तरी पुरे. बाटलीतला तो वासाचा जेल चोळून उपयोग नाही, साबण आणि पाणीच हवं.

मग कागदावर पेन टेकवून – "आजोबा, तुमच्याकडे रविवारी पाहुणे आले होते. कोणाला काही त्रास?"

"नाही."

"लहान मूल होतं ना? उलटी वगैरे?"

"छे. चांगली नाचत होती."

त्यांनी 'नाही' लिहिलं. माझ्यासमोर. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडून पोट भरलं, आणि आज स्वतः एक घालून दिली.

दुपारी मुलीचा फोन. भिंगरी सोमवार रात्रीपासून आडवी, कालपासून मुलगी आणि जावईही. सलाईन लावायची वेळ आली नाही एवढंच. मी म्हटलं, "इथंही तेच चाललंय."

ती लगेच म्हणाली, "बाबा, रविवारी खरंच गाडी लागली होती. इथून निघाली तेव्हा ठणठणीत होती ती."

"हो ग."

"कोणी विचारलं?"

"विचारलं. नाही म्हणालो."

"बरं केलंत. पुढच्या महिन्यात येते."

पुढच्या महिन्यात येते. चौदा महिन्यांत हे वाक्य ऐकलं नव्हतं. पण विश्वास बसत नाही तिच्या गाडी लागण्यावर. लहानपणी काच फोडली की अशीच आधी आपणहून खुलासा द्यायची.

११ जानेवारी, गुरुवार

सिस्टरांचं ताट सकाळपासून स्टुलावर तसंच. भिंतीवर टकटक केली. उत्तर नाही. पुन्हा केली. मग बारीक आवाज – "जिवंत आहे हो. झोपू द्या."

घंटा दाबून सेविकेला बोलावलं. ती आत गेली आणि धावत बाहेर आली. जीभ कोरडी, डोळे खोल, लघवी सकाळपासून नाही. पाऊण तासात स्ट्रेचर आलं. माझं दार किलकिलं होतं. जाताना त्यांनी मान वळवून बघितलं. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण स्ट्रेचरवाल्यांना घाई.

भिंतीपलीकडे आता कोणी नाही. रोज चारला आम्ही शब्दकोडं सोडवायचो. आज एकट्यानं घेतलं. आडवे तीन शब्द भरले आणि ठेवून दिलं.

१२ जानेवारी

नऊ नंबरचे आजोबा गेले. सकाळी सहाच्या सुमारास, हॉस्पिटलात. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, हृदय आधीच थकलेलं. सेविकेनं ताट ठेवताना सांगितलं आणि पुढच्या दाराकडे गेली.

मला काहीही झालेलं नाही. साधी मळमळसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींच्या शरीरात याला धरायला जागाच नसते, जन्मतःच. म्हणजे विषाणूलाही मी नको.

दिवसभरात एकूण अकरा वाक्यं बोललो. मोजली.

१३ जानेवारी, शनिवार

स्वयंपाकघरातल्या बाईंना काढलंय.

खिडकीतून दिसलं. मागच्या दारानं पिशवी घेऊन चालल्या होत्या. मी खिडकी उघडून हाक मारली. त्या थांबल्या, पण जवळ आल्या नाहीत.

"कुठं निघालात?"

"घरी, काका. मंगळवारी माझंही पोट बिघडलं होतं. व्यवस्थापक बाई म्हणतात, माझ्याच हातून सगळ्यांना गेलं. रिपोर्ट यायचाय, पण तोवर थांबायला तयार नाहीत. आजोबांच्या घरचे भांडायला आलेत ना, कोणीतरी दाखवायला हवं."

"पण तुम्हाला तर मंगळवारी झालं. बाकीच्यांनाही तेव्हाच. मग तुमच्यापासून कसं?"

"ते मला कळतं, काका. त्यांना कोण सांगणार?"

त्यांनी डोळे पुसले नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेल्या. सात वर्षं माझ्या भाजीत तिखट कमी घालतात, न सांगता.

संध्याकाळ

बाईंना फोन लावला. व्यवस्थापक बाईंना. सगळं सांगितलं. बेसिन, कागद, वहीतली खूण, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. त्यांनी तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, "लिहून द्याल?"

लिहून दिलं. दोन पानं. एकही खाडाखोड नाही.

१४ जानेवारी, रविवार

मुलीला आधी मीच सांगायला हवं होतं. पण माझ्याआधी व्यवस्थापक बाईंचा फोन गेला.

"बाबा, तुम्ही लिहून दिलंत?"

"स्वयंपाकाच्या बाईंची नोकरी गेली होती ग."

"आणि माझी मुलगी? पाच वर्षांची आहे ती. एक माणूस गेलंय तिथं. उद्या तिला कोणी म्हणेल, तुझ्यामुळे गेलं. तिच्या आजोबांनीच लिहून दिलंय."

"तसं नाही..."

"तिला गाडी लागली होती. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही माझ्यावर विश्वासच ठेवला नाहीत. कधीच ठेवला नाहीत."

फोन बंद.

नंतर चारदा लावला. वाजत राहतो.

१५ जानेवारी

स्वयंपाकाच्या बाई परत आल्या. दारापाशी येऊन म्हणाल्या, "काका, हे तुम्हाला करायची गरज नव्हती." मी म्हटलं, होती. जेवणात भाजी नेहमीची होती. अर्धी खाल्ली.

नऊ नंबरच्या आजोबांचा मुलगा दारातून कॉरिडॉरमध्ये दिसला, सामान न्यायला आलेला. बुद्धिबळाचा पट काखेत. त्याला बहुतेक सगळं कळलंय. थांबला, माझ्याकडे बघितलं आणि गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

१६ जानेवारी

फोन वाजत राहतो.

१८ जानेवारी, गुरुवार

दोन दिवसांत नवीन कोणी आजारी नाही. दारं उघडली. बैठकीच्या खोलीत जाऊन बसलो. लोक बोलतात माझ्याशी, पण आवाज सांभाळून. एक आजी उठून दुसऱ्या खुर्चीवर गेल्या. पंख्याखाली गार वाटत असेल त्यांना. पंखा बंद होता.

रिपोर्ट आला. नोरोच.

भिंगरीला पत्र लिहायला घेतलं. 'तुझ्यामुळे काही झालं नाही' असं लिहिलं आणि थांबलो. खोटं लिहायची सवय लागायला नको. फाडलं.

२० जानेवारी, शनिवार

सिस्टर परत आल्या. अर्ध्या झाल्यात. मी भेटायला गेलो, तर म्हणाल्या, "दार लावून घ्या."

मग पलंगाच्या कडेला बसून, कुठलीही घाई न करता – "मला त्या शनिवारी सकाळीच जुलाब सुरू झाले होते. भिंगरी यायच्या आदल्या दिवशी. शुक्रवारी मी बाहेर दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, तिथूनच आणलं असणार. भिंगरीनं ते माझ्या मांडीवरून नेलं. मी बोलले असते, तर त्याच दिवशी दारं बंद झाली असती. तुम्ही शर्टाला इस्त्री करत होतात. चौदा महिन्यांनी पोरगी येणार होती तुमची. हात धुतले की भागेल असं वाटलं. चाळीस वर्षं हे काम केलेल्या बाईला असं वाटलं. नऊ नंबरचे गेले, ते मला तिथं कळलं. आणि तुम्ही काय लिहून दिलंत, ते आज दारातच कळलं."

मी त्यांना पाण्याचा पेला दिला.

"व्यवस्थापक बाईंना मी आत्ताच सांगून आलेय. तुम्ही मुलीला फोन लावा."

त्यांच्याच खोलीतून लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.