माझी फियाट गाडी आणि तिचे बंद इंजिन यांच्या व्यवस्थेबाबत

लग्नसराईत रस्त्याने जाताना आपण एक गोष्ट हटकून पाहिली असेल. फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी बॉनेट उघडून कडेला उभी असते, आतून वाफ निघत असते आणि सूट घातलेला कोणीतरी बाटलीने पाणी ओतत असतो. हीच गाडी आदल्या दिवशी त्याच रस्त्याने विनातक्रार गेलेली असते. मग नेमकी मिरवायच्या दिवशीच ती का तापते? मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. परंतु या प्रश्नाचे उत्तर माझ्या घरात नऊ वर्षे कोणी ऐकून घेतलेले नाही, आणि मृत्युपत्र मात्र सगळे शेवटपर्यंत ऐकतात.

मी, कस्तुराबाई हिरालाल खासबागे, वय एकाहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार वाशीम, हा लेख राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आले आणि पुढे ऋण संख्यांत जाऊ का, असे विचारले. त्यांनी नको म्हटले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. वाशीम येथील राहते घर माझ्या पगारातून बांधलेले असून माझ्याच नावावर आहे. ते मुलगा पवन आणि मुलगी उज्ज्वला यांना समसमान मिळावे. भाजीपाल्याचा मळा सासरकडचा आहे. त्यावर माझे नाव नाही, म्हणून त्याविषयी मी काही लिहीत नाही. जे आपले नाही त्याचे श्रेय वा दोष वाटत बसू नये, हा नियम इतरांनी पाळला असता तर पुढची कलमे आखूड झाली असती.

२. गाडी. मळ्यातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली १९६६ सालची फियाट माझे यजमान कै. हिरालाल यांनी एका निंबाखालून उचलून आणली होती. तेव्हा तिच्या डिकीत कोंबडी अंड्यावर बसलेली होती. ते गेल्यावर दोन्ही मुलांच्या लेखी संमतीने गाडी माझ्या नावावर झाली. पवनने सही करताना म्हटले होते, “भंगारासाठी कोन भांडते?” म्हणून तिची विल्हेवाट लावण्याचा पूर्ण अधिकार मला आहे.

ती गाडी चालती करायला आमच्या घराला सुमारे अठरा वर्षे लागली. यजमानांनी पत्रा आणि सीटा केल्या. मुंबई-नागपूरच्या जुन्या बाजारांतून ते काचा नि दिवे शोधून आणत. पवनने कॉलेजच्या सुट्यांमध्ये ओल्या पॉलिश पेपरने एकेक दरवाजा घासला. तो काम उत्तम करी. हे मी कोणतीही कुरकुर न करता लिहिते. उज्ज्वलाने वायरिंग केले. इंजिन मी बांधले. सिलिंडर अकोल्याहून बोअर करून आणले, पण पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह यांतील प्रत्येक भाग माझ्या हाताने, मोजून बसला. पहिल्यांदा ते सुरू झाले तेव्हा यजमान शेडच्या दारात उभे राहून लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

आता थोडे समजावून सांगणे भाग आहे. नव्याने बांधलेले इंजिन म्हणजे नुकताच टाकी लावलेला पाटा. त्यावर पहिल्याच दिवशी पुरणाचे वाटण कोणी घालत नाही. आधी हलक्या हाताने काही तरी वाटून त्याची कच मोडावी लागते. तसेच पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना सरावेपर्यंत गाडी हळू आणि कमी ओझ्याने चालवायची असते. दुसरी गोष्ट, इंजिनातली उष्णता पाणी उचलते, ते पाणी समोरच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये येते, आणि समोरून येणारा वारा त्याला थंड करतो. किती साधी आणि सुंदर योजना आहे ही! सगळे काही त्या वाऱ्यावर अवलंबून असते.

आणि दीर श्री. जानराव यांनी तो वारा बंद केला.

रामनवमीच्या आधीच्या रविवारी गाडी प्रथमच रस्त्यावर आली. जानराव म्हणाले, “पयली फेरी पोहरादेवीले. मी बोललो हावो देवीले.” आमच्याच मळ्यातल्या उन्हाळी झेंडूचा मनगटाएवढा जाड हार त्यांनी समोरच्या जाळीवर तीन पदरी बांधला. त्यावर कुटुंबाच्या नावाचे फ्लेक्स ताणले. आत, पाण्याचे तापमान दाखवणाऱ्या काट्याच्या पुढे, नारळ ठेवला. गाडीत सात माणसे बसली.

मी म्हटले, “भाऊजी, समोरचा हार काढा. रेडिएटरले हवा लागनार नाही.”

“वयनी, देवीच्या वाटंवरचा हार काढाले लावता का? शाळा सुटली आता तुमची!”

सगळे हसले. पवनही हसला.

मंगरुळपीर सोडल्यावर जानराव पुढच्या सीटवरून सुरू झाले. “अबे दाब ना पवन! गाडी हाये का बैलबंडी?”

“काका, आई म्हनते चाळीसच्या वर नको.”

“तुही माय ड्रायव्हर हाये का?”

मी मागून ओरडले, “पवन, पान्याचा काटा पाह्य.”

“दिसत नाही ना आई. नारळ हाये पुढं.”

मानोऱ्याच्या अलीकडे वाफ आली, मग जळका वास आला आणि मग इंजिन जाम झाले. यजमान खाली उतरले. त्यांनी हार सोडून हातात घेतला. रेडिएटरकडची फुले उकडल्यासारखी मऊ झाली होती. बाहेरच्या बाजूची सकाळी होती तितकीच टवटवीत होती. त्यांनी ती मला दाखवली. म्हणजे त्यांना कळले होते. तेवढ्यात जानराव म्हणाले, “म्या म्हनलं नव्हतं? इंजिन बायमानसाच्या हातचं काम नोहे.” यजमानांनी हार खाली ठेवला आणि काही बोलले नाहीत. ते पुढे तीन वर्षे जगले, तेव्हाही बोलले नाहीत. या शांततेबद्दल मी त्यांना क्षमा केलेली नाही. तशी नोंद असावी.

३. हार. तो मी उचलून आणला. वाळलेला तो हार आणि ते फ्लेक्स एका डब्यात आहेत. हा डबा मी दीर श्री. जानराव यांना देते. दुसरे काही देत नाही.

४. इंजिन का उघडले नाही. मला हे अनेकदा विचारण्यात आले. मी ते एका दिवसात उघडू शकले असते. पण मग घरचे म्हणाले असते की बाईने रातोरात भाग बदलले. म्हणून मी त्याला हात लावला नाही. बॉनेटला कुलूप घालून किल्ली त्याच आठवड्यात माझे सहकारी श्री. हरिसिंग यांच्याकडे दिली. ज्या हातांनी ते बांधले त्यांनाच ते नऊ वर्षे शिवता आले नाही, हे किती जड गेले ते समजावून सांगण्याची रीत मला अवगत नाही.

५. हे आत्ता लिहिण्याचे कारण. बाकी सगळे मी गिळले असते. परंतु या जूनमध्ये पवनची मुलगी समीक्षा हिला मेकॅनिकलला प्रवेश मिळत असताना पवनने तो घेऊ दिला नाही. माझ्यासमोर तो तिला म्हणाला, “आपल्या घरात बाईनं एकडाव इंजिन बांधून पाह्यलं ना? काय झालं ते शेडमंदी उभं हाये.” समीक्षाने माझ्याकडे पाहिले. मी उत्तर द्यायला तोंड उघडले, तर पवन म्हणाला, “आई, तू राहू दे.” आज ती तिला नको असलेल्या वर्गात बसते. आणि ती गाडी एका मंगल कार्यालयाच्या दारात फुले घालून, फोटो काढण्यासाठी ठेवायची बोलणी पवन करीत आहे.

म्हणून फियाट गाडी, तिचे सर्व सुटे भाग, टॉर्क पाना, फीलर गेज आणि माझी सर्व हत्यारे मी नात समीक्षा पवन खासबागे हिला देते. ती सज्ञान आहे. तिच्या वतीने कोणी सही करू नये. बँकेतील माझ्या सर्व ठेवी तिच्या मेकॅनिकलच्या शिक्षणासाठी आहेत. एक वर्ष वाया गेले तरी चालेल. व्यवस्थापक म्हणून मी उज्ज्वला हिला नेमते, कारण तिला भावाशी भांडता येते.

६. उघडणी. माझ्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी समीक्षाने हरिसिंग गुरुजींकडून किल्ली घेऊन, सर्वांसमक्ष इंजिन उघडावे. एकच सिलिंडर खराब आणि बाकीचे तीन स्वच्छ निघाले, तर दोष माझ्या बांधणीचा. तसे शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे. चारही सिलिंडरना सारखेच उभे ओरखडे निघाले, तर चौघांना एकाच वेळी वारा मिळाला नव्हता, असे समजावे. त्यानंतर पवनने मुलीला काही सांगावे, अशी अट मी घालत नाही. जे नऊ वर्षांत तोंडून निघाले नाही ते मालमत्तेच्या लोभाने निघाले, तर ते ऐकायला मी नसेन, आणि समीक्षाला ते ऐकण्याची गरज उरू नये.

७. माझ्या अंत्ययात्रेच्या वाहनाला समोरून हार बांधू नये. हवे तर मागे बांधावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन साक्षीदारांच्या देखत सही केली. साक्षीदारांना या लेखातून काहीही मिळत नाही. हरिसिंग गुरुजींनी याबद्दल चहाची मागणी केली, ती आजच पुरवली आहे.

सही: कस्तुराबाई हिरालाल खासबागे

साक्षीदार:
१. हरिसिंग राठोड, निवृत्त गणित शिक्षक, मानोरा (सही)
२. रुखमाबाई उमाळे, शेजारी, वाशीम (सही)

ठिकाण: वाशीम
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

खालील मजकूर मृत्युपत्राचा भाग नाही, म्हणून सह्यांच्या खाली लिहिला आहे. तो कोणीही, कोठेही करून पाहावा. स्टीलच्या दोन सारख्या पेल्यांत कढत पाणी सारखेच भरा. चालू टेबलफॅनसमोर दोन्ही सारख्या अंतरावर ठेवा. एकापुढे झेंडूचा दाट हार टांगा. हार नसेल तर घडी घातलेला टॉवेल चालेल. आपला चहा पिऊन होईपर्यंत थांबा. मग दोन हातांत दोन पेले धरा. एक हात पेला आधी खाली ठेवील. त्या पेल्यात पाणी बाईने भरले होते की पुरुषाने, हे त्या हाताला कळते का, तेवढे पाहा.