खाजणातली तिसरी हाक

॥ श्री ॥

मु. वसई, पौष महिना, सन १९५२
(तिथी लिहिली असती, पण पंचांग देवघरात आहे आणि देवघरात आई जपाला बसली आहे.)

तीर्थस्वरूप हरिश्चंद्रराव भावोजींच्या सेवेशी,

धाकटा मेहुणा दिनानाथ याचा साष्टांग नमस्कार, आणि ताईला वेगळा नमस्कार (आपल्यातच उरकला तर ती रागावते). आपली प्रकृती कशी आहे, ते रीतीप्रमाणे विचारतो. गुडघा कसा आहे, पित्त कसं आहे, आणि तो खोकला, जो आपण वाक्य संपलं की पूर्णविरामासारखा देता, तो कसा आहे? आमच्याकडे सर्व क्षेम. केळी बरी, पानवेली बऱ्या, अनसूयेची दाढ बरी. मला मात्र हल्ली कोणी पाठीमागून नाव घेतलं की हातातलं भांडं पडतं. त्याचं कारण पुढे येईलच.

आपलं पत्र परवा पोचलं. आपले कारखानीस साहेब पाखरं पाहायला म्हणून आमच्याकडे आले आणि एका बुटावर दादरला परतले, दुसऱ्या पायात फडकं गुंडाळलेलं, आणि तरीही कचेरीत आल्या आल्या त्यांनी आपल्याला खोलीत बोलावून पेढा दिला, हे कसं, असं आपण विचारता. शिवाय ते मधूनच फायलीतून डोकं वर काढून, तुमच्या वसईत तो जुल्या कोण हो, असं विचारतात आणि आपल्याला उत्तर देता येत नाही, ही दुसरी पंचाईत. त्यावर कडी म्हणजे साहेबांचं वर्णन ऐकून आपल्यालाही आता पाखरं पाहायची इच्छा झाली आहे. आपण म्हणे याच आठवड्यात एखाद्या संध्याकाळी, दिवस न कळवता, टांगा न करता, स्टेशनावरून मिठागराच्या बांधाने चालत येणार, आणि वाडी जवळ आली की बांधावरूनच मला हाक मारणार, म्हणजे मी कंदील घेऊन सामोरा येईन. भावोजी, या वाक्यापाशी मी पत्र खाली ठेवलं आणि तांब्याभर पाणी प्यायलो. आपण यावं, शंभरदा यावं. पण हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय घरातून पाऊल उचलू नये. साहेबांच्या हातातली आपली बढती आज नाही तर उद्या होईल. ताईला नवरा एकच आहे.

आपण दादरचे, तेव्हा आधी आमची एक रीत सांगतो. (ती लग्नातच सांगायची, पण मानपानाचं बोलणं फार लांबलं.) खाजणाकडून, म्हणजे भरतीचं पाणी ज्या दलदलीत शिरतं त्या बाजूने, हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. मागे वळूनही पाहायचं नाही. पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, तो ओळखीच्या माणसाचा आवाज काढून चिखलात ओढतो, पण त्याला हाका दोनच मारता येतात. तिसरी हाक जिवंत माणसाची. हे आमच्याकडे हिंदू मानतात, ख्रिस्ती मानतात, आणि फादर मानत नसले तरी दोन हाकांना तेही दार उघडत नाहीत असं ऐकतो. पोस्टमन आमच्या वाडीत तीनदा ओरडतो, पाववाला तीनदा ओरडतो. अनसूया तर माझ्या कुठल्याच हाकेला तिसरीच्या आत ओ देत नाही, पण त्याचा खाजणाशी काही संबंध नाही.

तर साहेब आले. माणूस सज्जन, पण आवाज म्हणून नाही. पाखरांसमोर मोठ्याने बोलायचं नाही हा त्यांचा नेम, आणि तो इतका अंगवळणी पडलेला की चहात साखर कमी असली तरी ते कानाशी येऊन सांगतात. आईला वाटलं काहीतरी गुपित आहे, म्हणून तीही कुजबुजत वाढू लागली, आणि आमचं त्या दिवशीचं जेवण घरात सुतक असल्यासारखं पार पडलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही बांधावर गेलो. मला पाखरं दोनच माहीत, बगळा आणि इतर. साहेबांनी मला लाल काड्यांवर उभा केल्यासारखा शेकाट्या दाखवला, चिखलात पळणारी तुतारी दाखवली, वाकड्या चोचीचा कुदळ्या दाखवला. मी प्रत्येकाला वा म्हणालो, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पण ते आले होते रोहितांसाठी. ते उंच गुलाबी पक्षी एकदा जवळून बघितले की मी मरायला मोकळा, असं ते माझ्या कानात म्हणाले. असलं बोलणं खाजणात बोलू नये, पण पाहुण्याला टोकायचं कसं?

होडी पाचूबंदरच्या ज्युलियसची. त्याला आपण ओळखता. आपल्या लग्नात आपल्या जोड्यात जिवंत खेकडा निघाला होता, तो ज्युलियसच्या धाकट्या भावाने, प्लासिडने सोडलेला. आपण ओटीवर एका पायावर नाचत असताना ‘जुल्या, धर! जुल्या, धर!’ असं जो ओरडत होता तोच प्लासिड. थोरल्या भावाला जुल्या म्हणणारा साऱ्या गावात तो एकटा. पुढे तो खाडीत बुडाला, ते ताईने आपल्याला सांगितलंच असेल. तेव्हापासून ज्युलियसला सगळे ज्युलियसच म्हणतात, त्याची आई सालोमीसुद्धा.

साहेबांना घेऊन निघालो त्या सकाळी धुकं असं होतं की बांध पुढे आहे की नाही ते पायाने चाचपून बघावं. पेंढ्याने शाकारलेले मिठाचे ढीग गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांसारखे दिसत होते (मी दोघातिघांना रामरामही केला). ओहोटीने चिखल उघडा पडला होता, आणि हा चिखल गप्प नसतो. त्यात निवट्या मासे उड्या मारतात, बुडबुडे फुटतात, आणि सगळीकडून कोणीतरी जेवून ओठ चाटत असल्यासारखा आवाज येत राहतो. पाखरं होती, पण दिसत नव्हती; नुसती चाहूल. भरती लागायच्या आत वळणावर बांधलेली होडी आणावी, म्हणून आम्ही साहेबांना उघाडीवर बसवलं (बांधात पाणी घ्यायचं-सोडायचं लाकडी दार असतं, ती उघाडी) आणि मी व ज्युलियस निघालो. इथून हलू नका, असं मी बजावलं. साहेबांनी मान हलवली.

आम्ही होडीचा दोर सोडतो आहोत तोच हाक आली. ‘दिनानाथराव!’ आवाज साहेबांचा. पण साहेब डावीकडे उघाडीवर, आणि हाक आली उजवीकडून, तिवरांच्या झाडीतून, जिथे कंबरभर चिखल आहे आणि माणसाचं काही काम नाही. आवाजही कसा, तर बारीक, लाडीगोडीचा, कुणी कानाशी तोंड आणून बोलवावं तसा. मी ओ द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ज्युलियसने त्यावर हात दाबला. (हाताला कोळंबीचा वास होता, तो अजून माझ्या मिशीत आहे.)

‘ओ देऊ नको, दीना,’ तो म्हणाला. ‘सायब त्या अंगाला हाय. मग ह्या अंगाला कोन बोलवतंय?’

पुन्हा आली. ‘दिनानाथराव...’ आता आणखी हळू. आम्ही तिकडे पाठ करून उभे राहिलो. मी रामरक्षा सुरू केली, ज्युलियसने मारियेची प्रार्थना, आणि घाबरलेल्या माणसाचं काही खरं नसतं, थोड्या वेळाने मी त्याची म्हणत होतो आणि तो माझी. तिसरी हाक येईना. चिखलाचा आवाज थांबला होता, कारण त्यावर पाणी चढू लागलं होतं. खरं सांगतो, माझ्या मनात आधी आपल्या बढतीचा विचार आला आणि मग एकदम असा आला की साहेब खरोखर उघाडीवरच असतील ना? पण वळून पाहायची टाप नव्हती. आम्ही दोघे जाणते पुरुष, एकमेकांचा सदरा धरून, तिसऱ्या हाकेची वाट पाहत उभे.

आणि हाक आली. ती कुजबुज नव्हती. गळा फाडून, खाजण हादरेल अशी: ‘जुल्या!’

ज्युलियस पांढराफटक पडला. मग त्याने होडीतली फळी उचलली आणि तो चिखलात उतरला. मी मागून ओरडत होतो की नाव बदललं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, जुल्याची ही पहिलीच हाक आहे, दोन बाकी आहेत. तो थांबला नाही, आणि एकट्याने मागे राहायची माझी छाती नव्हती, म्हणून मीही त्याच्यामागे उतरलो. (याला साहेबांनी शौर्य म्हटलं आहे. आपण ते खोडू नये.)

तिवरांपलीकडे साहेब सापडले. कंबरेपर्यंत चिखल, छातीपर्यंत पाणी, डोळ्यांना दुर्बीण. आमचा पाण्यातला आवाज ऐकून त्यांनी आमच्याकडे न बघताच ओठांवर बोट ठेवलं. समोर धुक्यात गुलाबी थव्याची शेपटी दिसेनाशी होत होती. झालं होतं ते असं: धुकं क्षणभर विरलं तेव्हा उघाडीवरून त्यांना रोहित उतरताना दिसले, साहेब आमच्या मागून बांधाने पलीकडे त्यांच्या पाठोपाठ गेले आणि रुतले. रुतल्यावर त्यांनी मला हाक मारली, पण अगदी हळू, कारण रोहित दगडाच्या टप्प्यावर. दुसरी त्याहून हळू. तिसरी मारावी असं मनात आलं होतं, पण तेवढ्यात एका रोहिताने मान वर केली, म्हणून राहू दिली. म्हणजे भावोजी, आमची रीत तिसऱ्या हाकेसाठी अडून बसलेली, त्यांची रीत तिसरी हाक मारू देईना, आणि मधल्या मध्ये पाणी साहेबांच्या वरच्या खिशापर्यंत आलं होतं. आम्ही फळी टाकून, काखेत हात घालून त्यांना उपसलं. एक बूट चिखलाने ठेवून घेतला.

बाहेर आल्यावर साहेब आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले असावेत. आपल्या अगदी मागे उभं राहून तो कोण गाढव ओरडला, असं त्यांनी विचारलं. सगळे रोहित उडवले त्याने. हा जुल्या कोण? आम्ही त्यांच्या मागे पाहिलं. त्यांच्या मागे खाडी होती. सकाळपासून त्यांनी ज्युलियसला फक्त ‘अहो होडीवाले’ म्हटलं होतं.

संध्याकाळी साहेबांना गाडीत बसवून आल्यावर ज्युलियस आमच्या ओटीवर येऊन बसला. चहा निवला तरी त्याने घेतला नाही. मग त्याने सांगितलं. प्लासिड गेला त्या सकाळीही असंच धुकं होतं. प्लासिड जाळं काढायला उतरला होता आणि ज्युलियस त्याच वळणावर होडीत होता. हाक आली, जुल्या. पुन्हा आली, जुल्या. ज्युलियस तिसरीची वाट बघत बसला, कारण तेच आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. ती आली नाही. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आईला नाही, फादरला नाही.

‘त्याची तिसरी ऱ्हायलेली, दीना,’ तो म्हणाला. ‘ती आज मारली त्यानं.’

भावोजी, मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आपल्याला ठाऊक आहे, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही (फक्त काळजी घेतो). पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. तिसरी हाक मेलेलाही मारू शकतो, तर जिवंत कोणाला समजायचं? आणि पहिल्या दोन जिवंताच्या असतात, तर आजवर आमच्या गावाने किती जणांना पाण्यात ठेवून मोजणी केली? अनसूया म्हणते, इतका विचार केलात तर वाडीला शिंपणं राहतं. तेही खरंच.

ताईला सांगावं की पानांची करंडी पाठवतो आहे. चिरंजीवांना आशीर्वाद. बाकी समक्ष भेटीत, आणि त्या भेटीबद्दल खाली लिहिलं आहे ते कृपा करून दोनदा वाचावं.

आपला आज्ञांकित (आणि अजून थोडा कोळंबीचा वास येणारा),
दिनानाथ

ता. क. साहेबांनी पुन्हा विचारलं तर सांगावं, की जुल्या ही आमच्याकडची पाखरं उडवायची आरोळी आहे. खरं सांगू नये. ते होळीनंतर परत यायचं म्हणतात, आणि आपली बढती अजून कागदावर नाही.

ता. क. एवढं लांब लिहिलं ते या एका विनंतीसाठी. बांधाने येऊ नका. टांगाच करा, भाडं मी देईन. गिऱ्हा काहीही करील, पण टांगा करून येणार नाही, एवढं मी जाणतो. आणि आल्यावर हाक मारू नका. एकदा नाही, तीनदा नाही. फाटकावर छत्री आपटा. मी समजेन.

ता. क. दिवेलागण झाली. हे पाकिटात घालणार, तोच बांधाकडून हाक आली. ‘दिनानाथ!’ आवाज आपला. शेवटी तो खोकलासुद्धा. एकदाच आली. भावोजी, मी मोजत बसलो नाही. मी ओ दिली आहे. आई देवघरातून ओरडते आहे आणि अनसूयेने माझा सदरा धरून ठेवला आहे, पण मी कंदील घेऊन निघतो. आपण असाल तर हे पत्र ओटीवर आपल्या हातात देईन, आणि आपण जन्मभर मला हसाल. नसाल, तर अनसूया ते सकाळी पोस्टात टाकील. मग उलट टपाली कळवावं, आपली प्रकृती कशी आहे. हे रीतीप्रमाणे विचारत नाही.

भावोजींना अनसूयेचा नमस्कार. हे गेले, ऐकलं नाही. मी ओटीवरून बघते आहे. जाताना कंदील एकच नेला होता. बांधावरून परत येताना कंदील दोन दिसतात; दुसरा कोणाच्या हातात ते इथून कळत नाही. चहाचं आधण एका माणसाचं वाढवून ठेवलं आहे. पत्र अजून पाकिटात घातलेलं नाही.