इजा : निरंक

३ मार्च
घटनेचा फॉर्म भरून दिला. इथेही नोंद असावी. लाल दिवा लागलेला, म्हणजे समोर माणूस. टार्गेटकाका सहाशे मीटरवर कागद बदलत होते. रायफल रिकामी आहे असं समजून मी ट्रिगर दाबला. रिकामी नव्हती. गोळी मातीच्या बांधात गेली. कमिटीने 'काकांपासून दोन हात' असं लिहिलं. मी टेप लावून मोजलं: एक मीटर चाळीस. इजा: निरंक.
क्लबची सुरक्षा नियमावली मीच लिहिली आहे, हे अध्यक्षांनी सगळ्यांसमोर दोनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं.
२६ला माझी चाचणी. पास झाले तर टीममधली जागा राहील, नाहीतर ती रिटायर्ड नर्सबाईंना. तोपर्यंत सराव कोचच्या नजरेखाली.
माझ्यावर परिणाम: काही नाही.

६ मार्च
वीस गोळ्या. सगळ्या खाली, डावीकडे. कारण सापडलं: रायफलच्या दस्त्याखालची वाळूची पिशवी मऊ आहे. नवी मागवली.
कोच म्हणाले, गोळी सुटायच्या आधीच तू दचकतेस. मी म्हटलं, पिशवी. ते म्हणाले, बरं बाई, पिशवी.

९ मार्च
नवी पिशवी. खाली, डावीकडे. मी पालथी पडून नेम धरते ती गादी सरकते आहे.

१० मार्च, सकाळी ६.४०
आई म्हणाली, कॉफी सांडतेयस, हात बघ जरा. कप बघायला हवा. त्याचा कान चुकीच्या जागी आहे.
निघताना दाराची कडी अकरा वेळा तपासली. सैल झाली आहे. आई म्हणाली, कडी तुझ्या जन्माआधीपासून तशीच आहे, एकदा काय ते रडून मोकळी हो. रडण्यासारखं काही झालेलं नाही. फॉर्म पाहावा.

१४ मार्च
संकल्प: रोज अर्धा तास श्वासाचा सराव. अर्धा श्वास सोडायचा, थांबायचं, मग ट्रिगर. नाडी ५८. याहून स्थिर फक्त टेबल असतं.

१५ मार्च
वेळ मिळाला नाही.

१७ मार्च
कडीचे स्क्रू बदलले. तरी तपासावी लागते.

१९ मार्च
गादी बदलली. खाली, डावीकडे. या खोक्यातल्या गोळ्यांची दारू एकसारखी नसावी.
टार्गेटकाकांना तब्येत विचारली. म्हणाले, आपल्याला काय धाड भरलीय! कागदावरच्या भोकांना ठिगळं चिकटवत होते. काकांचं ठिगळ वाकडं मी आज पहिल्यांदा पाहिलं. वय झालं.

२५ मार्च
तयारी पूर्ण. काहीच वाटत नाही. हे चांगलं लक्षण आहे.

२६ मार्च
चाचणीची पद्धत: मी मान फिरवायची. काकांनी रायफलमध्ये कधी खरी गोळी, कधी रिकामं काडतूस भरायचं. मी नेम धरून ट्रिगर दाबायचा, कोच नळीचं टोक बघणार. रिकाम्या काडतुसावर नळी हलली तर माणूस दचकतो, हे सिद्ध. पद्धत निर्दोष आहे.
पहिलं रिकामं निघालं. नळी खाली. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच.
दहाही रिकामी निघाली. दहाही वेळा नळी खाली गेली. आठ रिकामी निघाल्यावर नववं आणि दहावंही रिकामंच असणार, हे मला कळत होतं. तरीही.
नापास. नर्सबाई म्हणाल्या, होतं असं, बाळा. त्यांच्या चाचणीत नळी हललीच नाही.
मी हरकत नोंदवली. पाच खऱ्या आणि पाच रिकामी असं ठरलेलं होतं, तेव्हा चाचणी सदोष आहे.
कोचनी काकांकडे पाहिलं. काकांनी शर्टाच्या खिशातून एकेक करून पाच खऱ्या गोळ्या काढल्या आणि गादीवर ठेवल्या. म्हणाले, भरणार होतो गं पोरी, पण हात पुढे जाईना.
एक गोळी घरंगळली. ते उचलायला वाकले. दोनदा बोटांतून निसटली.
हरकत मागे घेतली.
कमिटीकडे फॉर्म परत मागितला आहे. इजेचा रकाना चुकीचा भरला गेला आहे. मी भरला आहे.