विमलेने बांधलेले घर

मी, दत्ताराम विठू माजिक, वय ऐंशीच्या पुढे, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, राहणार लाटंबार्से, तालुका डिचोली, गोवा, माझ्या पश्चात काय कोणाचे व्हावे ते या कागदावर नमूद करीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डोळे अधू आहेत, कान शाबूत आहेत. कोणी धाक घालून अगर गोड बोलून हे माझ्याकडून लिहवून घेतलेले नाही. वकिलांनी काही शब्द सुचवले. जे मला पटले तेवढेच ठेवले आहेत.

कलम पहिले. राहते घर, परसातील विहीर व माड यांतील माझा हिस्सा मी माझा एकुलता मुलगा रुद्रेश यास देतो. माझी पत्नी कै. विमला हिचा हिस्सा कायद्याने त्याच्याकडे गेलेलाच आहे. घर चिऱ्याचे आहे, मजबूत आहे. मी खाणीवर पंप चालवीत असताना सुटीच्या दिवशी स्वतः चिरे वाहून ते उभे केले. त्यात एक उणीव राहिली, तिचा खुलासा कलम तिसऱ्यात आहे.

कलम दुसरे. डोंगरावरील काजूची बाग व हुर्राक, म्हणजे काजूची दारू, काढण्याचे तांब्याचे भाण माझी सून सुविधा हिला द्यावे. खाण बंद पडल्यावर या भाणाने घर चालवले. रुद्रेशला भट्टीची धग सोसत नाही, सुविधेला सोसते. भाण चिंचेनेच घासावे, साबण लावू नये. मी आयुष्यभर हुर्राक काढली, एकदाही चाखली नाही, हे येथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण गावात उलट बोलणारे आहेत.

कलम तिसरे. माझा चुलत भाऊ विश्राम याने घराच्या दारापुढील हातभर जमिनीवर हक्क सांगून मला तेथे बलकांव बांधू दिला नाही. बलकांव म्हणजे दारापुढची दोन्ही बाजूंना बसायची जागा. विमलेला संध्याकाळी तेथे बसून तांदूळ निवडावेत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलावेत, एवढीच हौस होती. मामलेदाराकडे दावा पडून राहिला आणि तिने तांदूळ जन्मभर चुलीपाशी निवडले. विश्रामला मी काही देत नाही. माझ्या तेराव्याला त्याला बोलवावे, जेवू घालावे, पण पहिल्या पंक्तीला बसवू नये.

कलम चौथे. विमलेची फणेरपेटी, म्हणजे फणी-कुंकवाची पेटी, तीत असलेल्या कानातल्या कुड्या व गेमचे कार्ड यांसह, माझी नात सेजल हिला द्यावी. त्या कार्डाविषयी पुढे कोणी भलते बोलू नये, म्हणून जे घडले ते लिहितो.

विमला न्हाणीत घसरून पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. ती पुन्हा उठली नाही. सेजल साखळीला कॉलेजात जाते. तिने हातात धरून खेळायचे आपले जुने यंत्र आजीला दिले. त्यातल्या खेळात एक ओसाड जागा मिळते. तण काढायचे, झाडे लावायची, ओहोळावर साकव टाकायचा आणि हळूहळू घर बांधायचे. मला वाटले, चार दिवसांचे खूळ. पण विमलेने त्या जागेला लाटंबार्सेच नाव दिले. सकाळी चहाआधी ती तिथले तण काढी. मी खोलीत गेलो की यंत्र छातीशी धरी.

"ओ, हंय बघू नकात. घर पुरा होयसर धन्यान पाय ठेवचो नसता."

"यंत्रात कसला गो पाय ठेवणार मी?"

"डोळो ठेवलो तरी तोच. आधी गृहप्रवेश, मगे बघा."

रीत रीतच असते. मी पाहिले नाही. सेजलने पाहिले, पण तिला आजीने शपथ घातली होती.

रोज दिवेलागणीला विमला कानातल्या कुड्या काढी, त्यांच्याबरोबर यंत्रातले नखाएवढे कार्डही काढी आणि दोन्ही फणेरपेटीत ठेवून किल्ली कनवटीला लावी. "घरादाराचा कागद उघड्यार ठेवचो नसता," असे ती म्हणे. त्यामुळे तिने बांधले ते सारे त्या कार्डात आहे, असेच आम्ही समजून चाललो.

ती वारली, तेव्हा सेजल परीक्षेसाठी पणजीला होती. आमच्या घराण्यात मृताचे अंथरूण घरात रात्र काढीत नाही. रुद्रेशने वाकळ, चादर, उशी गुंडाळली आणि ओहोळाच्या काठी नेऊन जाळली. यंत्र वाकळीच्या घडीत होते. कोणाला ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी सेजलने शोधले, तेव्हा रुद्रेश उठून राखेत हात घालून आला. त्याची बोटे काळी झाली होती, ती त्याने दिवसभर धुतली नाहीत.

मीच त्याला म्हणालो, "कार्ड आहे ना पेटीत? मग घर आहे."

तसले यंत्र दुकानात मिळेनासे झाले होते. दुकानदाराने सांगितले की नवे निघाले आहे, मोठ्या काचेचे, आणि त्यात जुनी कार्डे चालतात. रुद्रेशने ते आणले आणि खोक्यावरची अक्षरे मला बोट ठेवून दाखवली.

"बाबा, जुना सगळा ह्येच्यात चालता. कंपनीनच लिवला हा."

मी लगेच उघडू दिले नाही. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात मंगलकार्य होत नाही, आणि हे मंगलकार्य होते. श्राद्ध झाल्यावर मी भटजींकडे जाऊन गृहप्रवेशाचा मुहूर्त मागितला.

"घर खंय बांधलास, दत्तारामा?"

"विमलेन बांधला. यंत्रात आसा."

भटजी हसले नाहीत. पंचांग उघडून त्यांनी गुरुवार सकाळ दिली. दक्षिणा घेतली नाही.

त्या सकाळी सुविधेने रांगोळी घातली, खीर केली. मी धुतलेले धोतर नेसलो. नारळ वाढवला. सेजलने कार्ड नव्या यंत्रात घातले. ते चालले. कंपनी खोटे बोलली नव्हती. ओळखीचे गाणे लागले; तेच, जे विमलेच्या खोलीतून रोज सकाळी ऐकू येई. मी यंत्राला हात जोडले. सेजल मात्र काचेकडे पाहत राहिली.

"काय गो?"

"आजो, ता नाव इचारता."

"कोणाचे नाव?"

"खेळणाऱ्याचा. नवो खेळ सुरू जाता. कार्डात नुसतो खेळ आसता, आजो. आजीन केल्लां सगळा त्या जळलेल्या मशीनीत होता."

लांब कुठेतरी त्याची नक्कल ठेवण्याची सोय असते म्हणे, पण तिला इंटरनेट लागते आणि विमलेच्या खोलीत ते पोचत नव्हते.

मी विचारले, "मग थंय आता तण कोण काढता?"

"थंय म्हणजे खंयच नाय, आजो."

रुद्रेश भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, "सेजल, तू बघितलंस मगे. सांग गो आज्याक, कसा होता ता घर."

सेजलने तोंड उघडले. मी हात वर केला. मुहूर्ताचे घर सांगोवांगी बघायचे नसते. शिवाय शपथ घालणारी माघारी येऊन ती सोडवणार नव्हती. खीर आम्ही खाल्ली. प्रसाद टाकता येत नाही.

कलम पाचवे. या प्रकरणी रुद्रेशला कोणी, कधीही, चेष्टेतसुद्धा दोष देऊ नये. त्याने घराण्याची रीत पाळली. रीत मी शिकवली होती, आणि मला माझ्या बापाने. ते नवे यंत्र त्याने आपल्या आईसाठी आणले होते, हे मला कळते. मी ते तोंडाने कधी बोललो नाही. आमच्यात तसे बोलत नाहीत. म्हणून कागदावर, साक्षीदारांसमक्ष, लिहून देतो.

कलम सहावे. माझे अंथरूण काढताना प्रत्येक घडी उलगडून, झाडून पाहावी. काही निघणार नाही. तरी पाहावी. यापुढे या घरातील प्रत्येक मृताच्या बाबतीत हीच रीत समजावी.

कलम सातवे. नवे यंत्र सेजलचे. तिने त्यावर हवे ते खेळावे, हसावे, मैत्रिणींना घरी बोलवावे. आजीचे कार्ड तिने घालावे की पेटीत ठेवावे, ते तिचे तिने ठरवावे. पहिले घर कसे होते हे मात्र तिने मला माझ्या हयातीत सांगू नये.

कलम आठवे व शेवटचे. गोव्याच्या कायद्याने नवरा-बायकोची मिळकत एकत्र असते आणि अर्धी अर्धी धरली जाते. विमलेने ते घर लग्नानंतर, माझ्या घरात, माझ्या विजेवर बांधले. तेव्हा त्याचा अर्धा हिस्सा माझा आहे. वकील म्हणाले, "आजोबा, जे नाही ते मृत्युपत्रात कसे घालू?" मी म्हणालो, "तिने बांधले होते की नाही, एवढेच सांगा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि कलम घातले.

सदर हिस्सा मी रुद्रेशला देत नाही, सुविधेला देत नाही, सेजललाही देत नाही. त्याची वाटणी करू नये. तो मी माझ्याबरोबर नेत आहे. माझा गृहप्रवेश व्हायचा आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला व मान्य केला. सही माझ्या हाताने केली आहे. अंगठा उठवलेला नाही.

दत्ताराम विठू माजिक

आमच्या समक्ष, त्यांनी पूर्ण शुद्धीत सही केली:
साक्षीदार १. निलेश शाबा गावस, राहणार लाटंबार्से
साक्षीदार २. वत्सला अर्जुन मळीक, राहणार साखळी

स्थळ: डिचोली, गोवा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार