पोमेलोवर मिळवलेला विजय

६ एप्रिल, सोमवार
नेल्बाने कुत्रा आणला. स्पॅनियल. मला न विचारता. सोनेरी केस, जमिनीला टेकतील असे कान, आणि चेहरा असा की आपणच त्याचं काहीतरी लुबाडलंय. नाव पोमेलो. चार वर्षांचा. आधीचे मालक माँटेव्हिडिओला लहान जागेत गेले, म्हणून दिला.
नेल्बा माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं माझ्याकडे आहे. मी आधार दिला, नाहीतर एकटीने काय केलं असतं? स्वयंपाक, कपडे, माझ्या गोळ्या, यात तिचा वेळ छान जातो.
ठराव: पंधरा दिवसांत कुत्रा घराबाहेर.

९ एप्रिल
येर्बाच्या पानांच्या कडू चहाचा पहिला तुंबा रोज मला मिळतो. आज तिने आधी पोमेलोचे कान पुसले, मग हात धुतले, मग तुंबा भरला. पाणी कोमट. मी तीनदा उसासा टाकला. ती म्हणाली, "एबेर, दम लागतोय का? वजन कमी कर."

१३ एप्रिल
त्याला कलेजी. मला भोपळ्याचं सूप. विचारलं तर म्हणे, डॉक्टरांनी कलेजी तुझी बंद केलीय, त्याची नाही. त्याचं भांडंही खास, अरुंद आणि खोल. कान जेवणात बुडू नयेत म्हणून. माझी मिशी रोज सुपात बुडते, त्याचं कोणाला काही नाही.

१७ एप्रिल
संध्याकाळी दोघं समुद्राकाठी फिरायला जातात. आधी अर्धा तास, आता अडीच. एवढं काय बोलत असतील?
मी जळत नाही. बस कंपनीत बत्तीस वर्षं तिकीट तपासनीस होतो. बघत राहायची सवय आहे, एवढंच.

२१ एप्रिल
कुत्रा कानाला हिरवा रंग लावून आला. नेल्बाच्या कोपरालाही तोच. म्हणाली, लागला असेल कुठेतरी. नगरपालिकेने समुद्राकाठचे बाक रंगवले असणार आणि 'ओला रंग' अशी पाटी लावली नसणार. तक्रार लिहिली. दोन पानं.

२४ एप्रिल
नगरपालिकेत गेलो. कारकून म्हणाला, "काका, त्या बाकांना दोन वर्षांत रंग लागलेला नाही." कोणाला तरी पाठीशी घालतोय. माझ्या नजरेतून असलं सुटत नाही.

२८ एप्रिल
नवी योजना. कुत्रा हाकलायचा नाही, फोडायचा. तो माझा झाला की नेल्बाला झोंबेल, ती एकटी पडेल आणि माझ्याकडे वळेल.
"आजपासून त्याचे कान मी साफ करणार," म्हणालो. वाटलं, भांडेल. तिने लगेच कापूस आणि औषध हातात दिलं. शेजारी उभं राहून शिकवलं: कान उलटा धर, बोट आत घालू नकोस, आंघोळीनंतर कोरडा कर. पोमेलोने मान झटकली आणि सगळं औषध माझ्या चष्म्यावर.

५ मे
प्रगती. ब्रश माझ्याकडे आला. सकाळचं फिरणंही, सात वाजता, इथल्या मे महिन्याच्या थंडीत. कलेजीही मीच शिजवतो. गॅस पेटलेलाच आहे तर म्हणून तिने मला भात आणि मसूरही शिकवला. कपड्यांचं मशीनही. एकेक किल्ला सोडतेय बिचारी.

८ मे
बटणं आणि लोकर विकणाऱ्या एल्माबाई रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "नेल्बाला सांगा, पडदे शिवून झालेत." मी म्हणालो, आम्ही पडदे शिवायला टाकलेले नाहीत, तुमची नेल्बा दुसरी कोणी असेल. "गावात नेल्बा आहेत तरी किती हो?" म्हणाल्या. बाईंचं आता वय झालं.

११ मे
दुपारी सोफ्यावर पडलो होतो. पोमेलो आला, माझ्या पोटावर डोकं ठेवलं आणि घोरायला लागला. दीड तास हललो नाही. बाथरूमला जायचं होतं, तरी. नेल्बाने दारातून बघितलं. तिचे डोळे भरून आले.
घाव बसला. विजय.

१६ मे
नेल्बा चालली. एल्माबाईंच्या दुकानावरची खोली घेतलीय. गॅलरीतून समुद्र दिसतो. भिंती स्वतः रंगवल्या म्हणे, महिनाभर रोज संध्याकाळी.
मी विचारलं, कोण आहे तो? म्हणाली, "कोणी नाही रे. तेच तर हवंय." बावीस वर्षं नवऱ्याचं केलं, चौदा वर्षं माझं. आता सकाळी उठून कोणाचंही काही करायचं नाही, नुसतं बसायचं.
मी म्हणालो, आणि कुत्रा? त्याने माझ्याशिवाय राहायचं कसं?
"तो तुझ्यासाठीच आणलाय, एबेर. तुला एकट्याला टाकून जायचा धीर होत नव्हता."
मी म्हणालो, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिने माझ्याकडे इतक्या मायेनं बघितलं की मला उठून कलेजी बघायला जावं लागलं. गॅसवर काही नव्हतं.

१९ मे
गेली. दोन बॅगा आणि शिवणयंत्र.
पोमेलो चार तास दाराशी बसून आहे. कलेजी दिली, हुंगली नाही. एवढे दिवस कान कोणी पुसले, ब्रश कोणी केला, आणि वाट कोणाची बघतोय? त्याला सांगितलं, ती येणार नाही. मग मीही तिथेच बसलो. गुडघे दुखत होते म्हणून.

२४ मे, रविवार
नेल्बाने जेवायला बोलावलंय. जायचं नाही असं ठरवलं. तिला कळू दे.
दुपारी ३. पोमेलोला फिरवायला बाहेर पडलो होतो. तो त्याच बाजूला ओढत होता, माझा इलाज नव्हता. जिना चढलो. दार उघडलं. मी उंबऱ्यातच थांबलो, चेहरा कडक आणि नजर छताकडे ठेवून. नेल्बा म्हणाली, "काय रे हे, किती वाळलास. सकाळपासून काही खाल्लंस तरी का?"
कडक चेहरा विसरून खरं ते सांगितलं: एक टोस्ट, तोही करपलेला.
मग दिसलं की ती खाली वाकली होती. पोमेलोला विचारत होती.