जाळीचा हेडफोन

आई, तुझा हेडफोन अजून चालतो. कानावरचे स्पंज मी तीनदा बदलले, वायर एकदा सोल्डर करून आणली, पण डोक्यावरची पत्र्याची पट्टी आणि मागची काळी जाळी तीच आहे. कल्याण स्टेशनबाहेर प्लॅस्टिक अंथरून बसलेल्या त्या माणसाकडून आपण तो घेतला, तेव्हा मी पाचवीत होते. टॉर्च, कंगवे आणि नेलकटर यांच्यामध्ये तो पडला होता. तू उचलून उलटसुलट करत होतीस तर तो म्हणाला, "ताई, लावून तर बघा! माल लोकल आहे, पण आवाज एकदम फॉरेन." तू हसलीस आणि भाव पाडून घेतलास. घरी बाबांनी तो दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले, "महिनाभर टिकला तर मी सत्यनारायण घालीन." तो सत्यनारायण अजून बाकी आहे.

तू ठाण्याच्या एका वकीलसाहेबांचं टायपिंग घरी आणायचीस. ते कॅसेटवर मजकूर बोलायचे आणि तू आपल्या ठाकुर्लीच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, छोटा टेप लावून तो उतरवायचीस. आधीचा हेडफोन जड होता. कान पूर्ण झाकणारा. तो घातला की तुला कुकरची शिट्टी कळायची नाही, दारावर कुणी आलेलं कळायचं नाही, आणि कान घामेजायचे ते वेगळंच. हा नवा मागून उघडा होता. जाळीतून टेपही ऐकू यायचा आणि घरही. पहिल्या दिवशी तू तो माझ्या डोक्यावर घातलास आणि म्हणालीस, "डोळे मिट. काय काय ऐकू येतं सांग." साहेबांचा आवाज तर होताच, पण त्यांनी उलटलेलं पान होतं, खुर्चीची कुरकुर होती, आणि लांब, त्यांच्या खिडकीबाहेर, एक कावळा होता. "कावळा!" मी ओरडले. तू टाळी वाजवलीस. एवढ्या स्वस्त वस्तूत एवढं सगळं मावतं याचं तुला फार कौतुक वाटलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तू तो कावळा ऐकवायचीस.

मी तुझ्यासमोरच बसून गृहपाठ करायचे. उघड्या जाळीतून थोडा आवाज बाहेर यायचाच, पण शब्द कळायचे नाहीत. काडेपेटीत माशी अडकावी तसं नुसतं गुणगुणणं. गणपतीच्या सुमारास मला एक शब्द कळला. 'प्रतिवादी.' मला गंमत वाटली. दिवाळीनंतर अख्खी वाक्यं कळू लागली. मग मला गंमत वाटेनाशी झाली. मी वही घेऊन मागे सरकून पाहिलं. आपल्या घरात त्या करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या लाद्या होत्या ना, त्या मी मोजायला लागले. तुझ्या खुर्चीपासून तीन लाद्यांवर बसलं तरी शब्द कळत होते. संक्रांतीला सहा लाद्या झाल्या. परीक्षेच्या दिवसांत मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते, अकराव्या लादीवर, आणि साहेब मला स्पष्ट ऐकू येत होते. तू आवाजाची चकती दर थोड्या दिवसांनी जराशी पुढे सरकवत होतीस. तुझ्या लक्षातही येत नसेल. की येत होतं? तू नेहमी हळू बोलायचीस आणि सगळे म्हणायचे, किती सोज्वळ बाई आहे. दुपारभर तू दार उघडं ठेवायचीस. "वारा येतो गं," म्हणायचीस. त्या उंबऱ्यावर बसून मला एकाएकी कळलं की वाऱ्याचा काही संबंध नाही. मला इतकी भीती वाटली की मी उठून तुझ्या मांडीत डोकं खुपसलं, आणि तुला वाटलं गणिताचा पेपर अवघड गेला.

मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल असं वाटायचं. रोज शाळेतून आल्यावर मी जिना धावत चढायचे. कुकर जळाला असेल, गॅस चालू राहिला असेल, रेल्वेच्या फाटकात गाडीचा भोंगा तुला ऐकू आला नसेल. दार उघडं दिसलं, आत टाइपरायटर खडखडताना ऐकला, की मगच मी चपला काढायचे.

मग ती कॅसेट आली. खाडीकडच्या एका कोळीणबाईची हकिगत होती. बंदरावर मारामारी झाली होती, त्यात तिच्या नवऱ्याचं नाव आलं होतं. साहेबांनी तिला टेपसमोर बसवून स्वतःच बोलायला लावलं होतं. तू ते लिहिण्याच्या भाषेत नीट उतरवायचं, असं ठरलं होतं. ती बाई खणखणीत बोलायची, पण वाक्याच्या शेवटी दमायची. "तो त्या टायमाला बंदरावर व्हता," असं मोठ्याने, आणि मग श्वास सोडल्यासारखं, हळूच, "नाय." आपण 'नव्हता' म्हणतो. तिचा नकार सगळ्यात शेवटी यायचा, आवाज संपता संपता. मी चार लाद्यांवर होते. मला तो 'नाय' ऐकू आला. तू टेप थांबवलास आणि बोटं चालवलीस. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि तुझ्या खांद्यावरून पाहिलं. कागदावर होतं, 'माझे पती त्या वेळी बंदरावर होते.'

आई, तेव्हा मी गप्प राहिले. चूक दाखवली असती तर मला ती इतक्या लांबून कशी ऐकू आली हे सांगावं लागलं असतं. तुला कळलं असतं की मला कळलंय. मला त्याचीच भीती होती. त्या बाईच्या नवऱ्याचं काय होईल, हे माझ्या मनातही आलं नाही. मी पाणी प्यायले आणि भूगोल उघडला.

आठवड्याने साहेबांच्या कारकुनाचा निरोप आला, कॅसेट, टेप, हेडफोन, सगळं घेऊन या. तू मला बरोबर घेतलंस. त्या दिवसांत तू मला सगळीकडे न्यायचीस, बँकेत, रेशनवर, आणि कुणी काही बोललं की माझ्याकडे बघायचीस, म्हणजे मी ते सहज बोलल्यासारखं परत बोलायचे. कोर्टामागच्या त्या ऑफिसात कोळीणबाई आधीच बसली होती. डोक्यात अबोली, हातात पिशवी. साहेबांनी कागद तुझ्यापुढे केला. "बाई, हे मी यांना वाचून दाखवलं म्हणून बरं झालं. तसंच दाखल केलं असतं तर? तुम्ही 'नाही' खाल्लंत. एका शब्दावर माणूस आत जातो." ते कागदाकडे बघून बोलत होते. त्यांचे ओठ तुला दिसत नव्हते. तू जराशी हसलीस आणि म्हणालीस, "हो, दोन प्रती काढल्या आहेत."

कारकुनाने चमकून साहेबांकडे पाहिलं. कोळीणबाई उठली, अगदी तुझ्या तोंडासमोर आली आणि म्हणाली, "बाय, तुला आयकाला येत नाय का गं?" रागाने नव्हे. काळजीनेच. तिच्या नवऱ्याचा जीव त्या कागदात अडकला होता आणि ती तुझी चौकशी करत होती. तुझा चेहरा पांढरा पडला. मी मध्येच बोलले, "साहेब, हेडफोन खराब आहे! रस्त्यावरचा आहे, स्वस्तातला. त्याच्यात नीट येतच नाही."

"असं होय? बघू," म्हणत साहेबांनी तो डोक्यावर चढवला आणि टेप लावला. चकती तू ठेवली होतीस तिथेच होती. ते दचकलेच. मग ऐकत राहिले. तो मागून उघडा आहे हे मी विसरले होते. त्या शांत खोलीत सगळं बाहेर येत होतं. बाईचा खणखणीत आवाज, तिच्या बांगड्या, आणि मग "व्हता..." आणि मग, स्वच्छ, श्वासासकट, "नाय." साहेबांना ऐकू आलं, कारकुनाला ऐकू आलं, त्या बाईला स्वतःचाच आवाज ऐकू आला. तू एकटी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होतीस, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. मला आजही जाग येते ती त्या बघण्याने.

साहेबांनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला. ते भले गृहस्थ होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "चांगला आहे गं. फारच छान आहे आवाज. जपून ठेव." मग तुझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "पुढच्या कॅसेटचं मी कळवतो." त्यांनी कधीच कळवलं नाही. ती कॅसेट मात्र टेपमध्ये तशीच राहून आपल्या घरी आली.

परत येताना फाटकापाशी तू थांबलीस. मी तुझा उजवा हात घट्ट धरला होता, कारण उजवा कान जास्त गेला होता हे मला माहीत होतं. तू म्हणालीस, "केव्हापासून कळलंय तुला?" मी म्हटलं, "तीन लाद्यांपासून." तुला काही समजलं नाही. मग तू माझ्यापुढे वाकून बोललीस. "आमच्या आईचंही असंच झालं होतं. तिशीनंतर. कुणाला सांगायचं नाही हं. बाबांनाही नाही. बहिरी म्हटलं की माणसं बोलायचीच थांबतात." मी मान हलवली. तू मला शपथ घातली नाहीस, तशी गरजही नव्हती. पण दहा वर्षांच्या मुलीने त्या वाक्यातलं दुसरंच काहीतरी उचललं. आजीला, मग आईला. म्हणजे मग कुणाला?

बाबांना कळलंच पुढे, सगळ्यांनाच कळलं, पण आपल्या घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. ते मोठ्याने बोलायला लागले आणि तू त्यांना "ओरडता काय?" म्हणायचीस. मी कॉलेजात असताना तू तापाने गेलीस, चार दिवसांत. कानांशी त्याचा काही संबंध नव्हता. कल्याणच्या त्या हॉस्पिटलात डाव्या बाजूला सलाईनचा स्टँड होता, म्हणून मी उजवीकडे बसले आणि शेवटचं जे काही बोलायचं ते उजव्या कानात बोलले. बाहेर आल्यावर मला ते लक्षात आलं. तुला काहीच ऐकू गेलं नसेल.

तेव्हापासून माझ्या दर वाढदिवसाला मी एक उद्योग करते. माझ्या नवऱ्यालाही माहीत नाही. घरी कुणी नसताना तो टेप काढायचा, तीच कॅसेट, तोच हेडफोन, चकती बरोबर चारवर, आणि डोळे मिटून वाट बघायची. 'व्हता' येतं. मग 'नाय' येतं. आलं की टेप बंद करून, तोंड धुऊन, मी शिरा करायला घेते. टेप झिजलाय, फरफरतो, पण ती बाई दरवर्षी मला न चुकता सोडवते. गेल्या वर्षी ती जरा लांबून बोलल्यासारखी वाटली. मी स्वतःला सांगितलं, कॅसेट जुनी झाली.

आज सकाळी चारवर 'नाय' आला नाही. मी परत लावलं. पाचवर नाही. सहावर नाही. रिवाइंडचं बटण दोनदा सुटलं. सातवर कुठेतरी काहीतरी हललं, पण ते मला ऐकू आलं की आठवलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. तेवढ्यात कुणीतरी खांद्याला हात लावला. लेक. कॉलेजातून लवकर आली होती. लॅच उघडल्याचं मला कळलंच नव्हतं. "अगं आई, केवढा आवाज! किचनमध्ये ऐकू येतंय सगळं. कोण गं ही बाई? 'व्हता नाय, व्हता नाय' काय करतेय?"

ती तुझ्यासारखीच भुवया जवळ आणून बघत होती. मी हेडफोन काढला आणि म्हटलं, "काही नाही गं. हेडफोन खराब झालाय." क्षणाचाही विचार न करता म्हटलं. इतक्या वर्षांनी तेच वाक्य तोंडाशी तयारच होतं. ती म्हणाली, "मग नवीन घे ना, हा काय जपून ठेवलायस! थांब, मीच आणते, स्टेशनला मिळतात मस्त." आणि पर्स उचलून गेलीसुद्धा. ती गेल्यावर मी लाद्या मोजल्या. खुर्चीपासून किचनपर्यंत पाचच भरल्या. मला क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, हल्लीच्या लाद्या मोठ्या असतात.

डॉक्टरांकडे जाईन मी. आता यावर इलाज असतात म्हणे. डॉक्टर विचारतील, घरात कुणाला होतं का, आणि मला फाटकापाशी मान हलवून दिलेला शब्द मोडावा लागेल, ते एक वेळ जमेल. पण या पोरीला काय सांगू? ती एकोणीस वर्षांची आहे. तिला माहीत असायला हवं, हे मला कळतं. माझ्या हातात असतं तर मला दहाव्या वर्षी ते कळू नये असं मी मागितलं असतं, हेही कळतं. तू वाकून मला सांगितलंस त्यात माझ्यावर विश्वास होता की तुला एकटीला ते झेपत नव्हतं, हे विचारायला आता तू नाहीस.

ती येईलच एवढ्यात. बेल वाजवेल, तिने किल्ली इथेच टेबलावर ठेवलीय. मी मघाशी उठून दार उघडून ठेवलं आणि समोर तोंड करून लिहीत बसलेय. तिने विचारलं तर काय सांगायचं ते ठरलंय, आई. वारा येतो म्हणून.